रेकॉर्डवरची चांदणी : ‘एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट १९५६, कम्प्लीट’ ही डबल सीडी ऐकून

आधीच सांगतो, ही सीडी नवीन नाहीये. १९९९ ला आली, अमेरिकन जॅझ बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि मी ती घेतली गेल्या महिन्यात, सॅन फ्रान्सिस्कोला हेट स्ट्रीटवर अमीबा नावाचं दुकान आहे तिथे, वापरलेल्या सीडींच्या खोक्यातून. ते दुकान म्हणजे पूर्वीचा बोलिंगचा हॉल, आत शिरलात की दुसरं टोक दिसत नाही, घरच्यांना ‘दहा मिनिटांत आलो’ सांगून जाऊ नका. सात डॉलरला मिळाली. सात डॉलरमध्ये इथे हल्ली धड सँडविच येत नाही. आणि त्या सात डॉलरवर मी तीन आठवडे घरात इतकी बडबड केली की बायको म्हणाली, कुठेतरी लिहून टाक एकदाचं. म्हणून हे.

मधे बेसबॉल येणार आहे, तेही स्टेरॉइडवालं. ज्यांना नकोय त्यांनी शेवटी आवाजाबद्दल लिहिलंय तेवढं वाचा. पण माझ्या डोक्यात या दोन गोष्टी आता सुट्या होत नाहीत, त्याला इलाज नाही.

तर ती रात्र. ७ जुलै १९५६, ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट, जॅझ फेस्टिव्हलचा शेवटचा दिवस. एलिंग्टनचं तेव्हा काही खरं नव्हतं, बिग बँडचा जमाना सरलेला, एवढ्या माणसांना पोसायचं कसं हा प्रश्न, आणि ‘ड्यूकचं संपलं आता’ असं लोक उघड बोलायला लागलेले. त्यात संध्याकाळी बँड स्टेजवर आला तर चार जण गायब! दोन-तीन चिजा वाजवून सगळे परत आत. मग बाकीच्यांची वाजवणी झाली आणि यांना पुन्हा बोलावलं तेव्हा रात्रीचे जवळजवळ बारा वाजलेले, लोक खुर्च्या सरकवून पार्किंगकडे निघालेले. आपल्याकडे सवाई गंधर्वला असं झालं तर भैरवी म्हणजे निदान मान असतो, इथे म्हणजे नुसतं उरलंसुरलं.

खास फेस्टिव्हलसाठी लिहिलेला तीन भागांचा नवीन सुइट वाजवला, तालीम कमी पडलेली ती ऐकू येते. आणि मग ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. ही १९३७ ची जुनी जोडगोळी, आधी एक भाग उतरत जाणारा, मग दुसरा चढत जाणारा, आणि मधली मोकळी जागा एलिंग्टनने टेनर सॅक्सवाल्या पॉल गोन्साल्विसला दिली.

गोन्साल्विस म्हटल्यावर आपल्याला आधी वसई नाहीतर म्हापसा आठवणार, मलाही तसंच वाटलं होतं पहिल्यांदा, की च्यायला आपला माणूस तिथे कसा. तर हा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनचा, आईवडील केप व्हर्डचे. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे आडनावं पेरून आले, त्यातलंच हे एक. पण मुंबईला तो आलेला आहे, १९६३ साली एलिंग्टनचा बँड अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर दिल्ली-मुंबई करून गेला तेव्हा हा सोबत होता, आणि मुंबईतल्या हॉटेलांमधले आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले आपले गोव्याचे वादक आणि हा केप व्हर्डवाला एकमेकांना भेटले असतील तर आडनावांवरून काय गप्पा झाल्या असतील याचा मी उगाच विचार करत बसतो.

असो. तर याला मधली जागा दिली आणि हा थांबेचना. बारा बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा) ब्लूजचं एक आवर्तन, अशी सत्तावीस! सत्तावीस आवर्तनं सलग, मागे फक्त पियानो-बास-ड्रम, ओरडणं नाही, कसरती नाहीत, एकाच लयीत खाली मान घालून चालत सुटलेला माणूस. काऊंट बेसीकडचा जुना ड्रमर जो जोन्स स्टेजच्या कडेला बसून गुंडाळलेल्या पेपरने ठेका धरत होता. पुढच्या रांगांमध्ये काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली आणि तिच्यामागे सगळं पब्लिक. पार्किंगकडे निघालेले परत पळत आले. ऑगस्टमध्ये एलिंग्टन टाइम मासिकाच्या कव्हरवर, एल्पी धोधो खपली, आणि पुढची अठरा वर्षं बँडची चिंता मिटली. एका सोलोवर.

आता ऐका घोटाळा.

त्या रात्री स्टेजवर दोन वेगवेगळे माइक होते, एक कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिकाचा, रेडिओसाठी. आणि गोन्साल्विस महाशय आयुष्यातला सगळ्यात मोठा सोलो वाजवायला जाऊन उभे राहिले रेडिओच्या माइकसमोर! त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर त्याचा सॅक्स शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. एल्पीवर तो तसाच लांबचा आहे, तेवढा भाग तरी खरा. पण सुइट नीट झाला नव्हता म्हणून सोमवारी ९ जुलैला अख्खा बँड न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, पुन्हा वाजवलं, मागे टाळ्यांची टेप लावली, फेस्टिव्हलची अनाऊन्समेंटसुद्धा जोडली, आणि कव्हरवर काय तर ‘अ‍ॅट न्यूपोर्ट’. चाळीस वर्षं लोकांनी ते खरं म्हणून ऐकलं. १९९६ ला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रेडिओची टेप सापडली, आणि फिल शाप नावाच्या माणसाने (जॅझचा चालताबोलता कोश होता तो) कोलंबियाची मोनो टेप एका बाजूला, रेडिओची मोनो टेप दुसऱ्या बाजूला, दोन्ही काट्याला काटा जुळवून चक्क स्टिरिओ तयार केला. ती ही सीडी. पहिल्यांदा गोन्साल्विस समोर उभा राहून वाजवतोय.

माझं झालं काय, की माझ्याकडे जुनी एल्पी होती. २००३ साली एका गराज सेलमध्ये घेतलेली, तिच्यावर इतके चरे की चिवडा खाताना कोणी बोलतंय असं वाटायचं, पण आमच्या घरी जो येईल त्याला मी ती ऐकवायचो. आणि ऐकवताना हमखास सांगायचो की बघा, टाळ्या ऐका टाळ्या, असं पब्लिक पुन्हा होणे नाही. त्यातल्या किती टाळ्या डब्यातल्या होत्या ते मला माहीत नव्हतं! सीडीची पुस्तिका वाचली तेव्हा एकटाच बसून कान लाल झाले. तसेच्या तसे कान लाल झालेले मला अजून एकदाच आठवतात, डिसेंबर २००४ मध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये क्रॉनिकल पेपर वाचताना.

म्हणजे आला बॅरी बॉन्ड्स, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल टीमचा बॅट्समन.

मी बे एरियात आलो २००० ला, सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर, आणि ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. त्याच वर्षी जायंट्सचं नवीन स्टेडियम उघडलेलं, आता ओरॅकल पार्क म्हणतात, तेव्हा पॅक बेल पार्क. ऑफिसमधले लोक ओढून न्यायचे. मला काही कळायचं नाही, क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल म्हणजे प्रत्येक बॉल फुलटॉस आणि तरी सगळे आऊट, पण बॉन्ड्स बॅटिंगला आला की नियम कळायची गरजच नसायची. बॉल भिंतीवरून, लोकांवरून, थेट बाहेर खाडीच्या पाण्यात. तिथे लोक होड्या घेऊन बसलेले असायचे, जाळी घेऊन! ५ ऑक्टोबर २००१ ला मी वरच्या स्टँडमध्ये होतो. त्या दिवशी त्याने सीझनमधला एकाहत्तरावा आणि बहात्तरावा होमरन (म्हणजे आपला सिक्सर) मारला, म्हणजे मार्क मॅग्वायरचा १९९८ चा एका सीझनमधल्या सत्तरचा रेकॉर्ड मोडला, दोन दिवसांनी त्र्याहत्तर पूर्ण. आणि गंमत म्हणजे ती मॅच आम्ही ११-१० ने हरलो आणि प्लेऑफच्या शर्यतीतूनही गेलो, साडेचार तास चालली होती मॅच, घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली, तरी कोणाला काही वाटत नव्हतं, सगळे अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. माझ्या आयुष्यातलं पहिलं अमेरिकन गळाभेटीचं प्रकरण ते.

२००४ ला तर प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याशी खेळणंच सोडलं, एका सीझनमध्ये १२० वेळा मुद्दाम चार बॉल लांब टाकून त्याला फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, की बाबा तू जा, मारू नकोस.

आणि मग तो डिसेंबर. बाल्को नावाची कंपनी, एसएफओ विमानतळाजवळ बर्लिंगेमला, माझ्या तेव्हाच्या अपार्टमेंटपासून दहा-पंधरा मिनिटांवर, मी तिथून किराण्याला जायचो. तिथून खेळाडूंना ‘क्लिअर’ आणि ‘क्रीम’ नावाच्या दोन गोष्टी जायच्या. क्लिअर म्हणजे टीएचजी, असं स्टेरॉइड की जे टेस्टमध्ये दिसायचंच नाही, २००३ ला एका कोचने वापरलेली सिरिंज अधिकाऱ्यांकडे पाठवली आणि लॉस एंजेलिसच्या लॅबने ते ओळखलं तेव्हा भांडं फुटलं. बॉन्ड्सने ग्रँड ज्युरीपुढे काय सांगितलं ते पेपरात आलं. म्हणाला, मला वाटलं ते जवसाचं तेल आहे. आणि ते क्रीम म्हणजे सांधेदुखीचा मलम.

जवसाचं तेल! आमच्या आईने आयुष्यभर जवसाची चटणी खाऊ घातली, मला भिंतीपलीकडे सोडा, सोसायटीच्या कंपाऊंडबाहेर कधी सिक्सर मारता आला नाही.

आता यात जॅझवाल्यांसाठी एक मसाला आहे. बाल्कोचा जो मालक, व्हिक्टर काँटी, तो मुळात बास वाजवणारा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ऑकलंडच्या टॉवर ऑफ पॉवर बँडमध्ये होता, त्यांच्या १९७८ च्या अल्बमवर त्याचं नाव आहे, माझ्याकडे ती एल्पी आहे. वाईट वाजवत नाही हो. त्या बँडमध्ये बास वाजवायचा म्हणजे चेष्टा नाही. २००५ ला गुन्हा कबूल केला, चार महिने जेल, चार महिने घरात स्थानबद्ध. मी ती एल्पी अजून लावतो आणि दरवेळी मनात येतं, याने बासच वाजवायला पाहिजे होता, बेसबॉलचे रेकॉर्ड त्यांच्या जागी राहिले असते आणि आपल्याला अजून दोन-चार रेकॉर्ड मिळाल्या असत्या.

बघा, हा शब्दच कसा आहे. रेकॉर्ड. तबकडी पण तीच आणि विक्रम पण तोच. आणि दोन्हीकडे भांडण एकच, की जे लिहिलंय ते खरंच तसं झालं होतं का.

बॉन्ड्सने ७ ऑगस्ट २००७ ला हँक एरनचा अख्ख्या कारकिर्दीतल्या ७५५ होमरनचा रेकॉर्ड मोडला, थांबला ७६२ वर. तो ७५६ वा बॉल मार्क एको नावाच्या फॅशन डिझायनरने लिलावात साडेसात लाख डॉलरच्या वर बोली लावून घेतला आणि इंटरनेटवर लोकांची मतं मागितली, की याचं काय करू, आहे तसा हॉल ऑफ फेमला (बेसबॉलमधल्या थोरांची नावं जिथे लागतात ती जागा) देऊ, का त्याच्यावर अ‍ॅस्टेरिस्क छापून देऊ, का रॉकेटमध्ये घालून अंतराळात पाठवू. एक कोटीच्या वर मतं पडली! अ‍ॅस्टेरिस्क जिंकला. म्हणजे ती छोटी चांदणी, ‘खाली अटी वाचा’ वाली. आपल्याकडे विधानसभेत तारांकित प्रश्न असतो, त्यांच्याकडे तारांकित बॉल. तो बॉल चांदणीसकट आज कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेमच्या म्युझियममध्ये आहे आणि ज्याने मारला तो माणूस मात्र हॉलच्या बाहेर. दहा वर्षं पत्रकारांनी मतदान केलं, ७५ टक्के लागतात, शेवटच्या वर्षी २०२२ ला त्याला ६६ मिळाले, पिचर (म्हणजे बॉलर) रॉजर क्लेमेन्सला त्याच्या किंचित खाली. नियमात सचोटी आणि चारित्र्य असे शब्द आहेत, त्यावर बोट ठेवतात सगळे.

मला तेव्हा पटलं होतं. मी चिडलो होतो, गळाभेटी परत मागाव्याशा वाटत होत्या. पण गेल्या वीस वर्षांत जेवढ्या रेकॉर्डी ऐकल्या तेवढा तो राग पातळ होत गेला, आणि कारण हेच की जॅझमध्ये कुठली गोष्ट निर्मळ आहे ते दाखवा.

१५ मे १९५३ ची टोरंटोच्या मॅसी हॉलची मैफल घ्या, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस, मॅक्स रोच, पाचही एका स्टेजवर. त्याच रात्री मार्सियानो-वॉलकॉटची बॉक्सिंग होती म्हणून हॉल अर्धा रिकामा. पार्कर प्लॅस्टिकचा सॅक्स घेऊन वाजवतोय आणि कव्हरवर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’, कारण करार दुसऱ्या कंपनीशी. आणि बास नीट आला नाही म्हणून मिंगसने नंतर न्यूयॉर्कला बसून स्वतःचा बास वरून पुन्हा वाजवून चढवला! नाव खोटं, बास नंतरचा, आणि तरी ती रेकॉर्ड काढून टाका म्हणायची कोणाची छाती आहे?

किंवा माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९. २ मार्चच्या सेशनला टेपचं मशीन जरा हळू चाललं होतं, त्यामुळे एल्पीची अख्खी पहिली बाजू जरा जलद आणि पट्टी थोडी चढलेली. हार्मोनियमवाला असता तर पहिल्या सुरात ओरडला असता. १९९२ पर्यंत ती तशीच विकली गेली, तेहतीस वर्षं, जगभर पोरं घरी सॅक्स घेऊन सोबत वाजवायला बसायची आणि आपलंच वाद्य उतरलंय समजायची.

आणि ड्रग्ज म्हणाल तर विषयच नको. फरक मात्र मान्य करायला पाहिजे, तो मी करतो. हेरॉइनने कोणी चांगलं वाजवलं नाही. पार्करमुळे कितीतरी पोरांनी सुई घेतली की त्याच्यासारखं वाजेल, आणि पार्कर स्वतः सांगायचा की नशेत मी चांगला वाजवतो म्हणणारा खोटारडा आहे. चौतिसाव्या वर्षी गेला, १२ मार्च १९५५, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नास-साठचा वाटला. गोन्साल्विसही त्याच रस्त्याचा, दारू आणि हेरॉइन दोन्ही. म्हणजे बॉन्ड्सच्या औषधाने बॉल जास्त लांब गेला, आणि यांच्या औषधाने हे स्वतःच लवकर गेले. फसवणूक त्यांनी केली तर स्वतःची. तरी शिक्षा यांनाही होतीच की, न्यूयॉर्कला क्लबमध्ये वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं, ड्रग्जच्या केसमध्ये ते काढून घ्यायचे, थेलोनियस माँकसारखा पियानोवाला १९५१ ते ५७ स्वतःच्या शहरात धड वाजवू शकला नाही. आणि मग ती रद्द झालेली वर्षं कोणत्या पुस्तकात चांदणी लावून लिहायची?

बेसबॉलवाल्यांचं चांदण्यांचं गणित मला म्हणूनच कळत नाही. मॅग्वायरच्या कपाटात १९९८ ला अँड्रो नावाच्या स्टेरॉइडच्या जातीतल्या औषधाची बाटली पत्रकाराला दिसली, तेव्हा ती दुकानात मिळायची आणि बेसबॉलमध्ये बंदीही नव्हती, सगळ्यांनी उलट पत्रकारालाच झापलं. स्टेडियम भरत होती ना! साठ-सत्तरच्या दशकात खेळाडू ‘ग्रीनी’ म्हणजे अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खायचे, त्यांची टेस्ट सुरू झाली २००६ ला. बेब रूथचे ७१४ होमरन ज्या लीगमध्ये झाले तिथे काळ्या खेळाडूला पाऊल टाकायची परवानगी नव्हती, १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. म्हणजे निम्मे चांगले पिचर समोर आलेच नाहीत. त्याच्यावर कुठे आहे चांदणी? २०२४ ला मेजर लीगने निग्रो लीगचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, आकडे अधिकृत धरले आणि एका दिवसात बॅटिंगच्या सरासरीत जॉश गिब्सन .३७२ ने सगळ्यात वर, टाय कॉब .३६७ दुसरा. गिब्सन १९४७ च्या जानेवारीतच वारलेला. आमच्या ऑफिसमधला एक म्हातारबा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

क्रिकेटवाल्यांनी फार हसू नये, शेन वॉर्न २००३ च्या वर्ल्डकपमधून बंदी असलेल्या गोळीपायी परत गेला होता, वर्षभर बंदी, आणि म्हणाला काय तर आईने दिली होती. ७०८ विकेट जागच्या जागी आहेत. कोणाची तक्रार नाही, माझीही नाही.

आणि ज्या एल्पीवाल्या मंडळींना वाटतं की आमचा छंद म्हणजे गंगाजल, त्यांच्यासाठी २०२२ चा जुलै. मोबाइल फिडेलिटी म्हणून कंपनी आहे, मोफी म्हणतात, इथून तासाभरावर सेबास्टोपोलला त्यांचा स्टुडिओ. सव्वाशे-सव्वाशे डॉलरच्या रेकॉर्डी. शौकिनांची समजूत अशी की यात सगळं अ‍ॅनालॉग, ओरिजिनल टेपवरून थेट तबकडीवर, मधे डिजिटलचा स्पर्श नाही. फीनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओ टाकला की असं नाहीये, मग त्यांच्याच इंजिनिअर लोकांनी कॅमेऱ्यासमोर मान्य केलं की मधे डिजिटल पायरी आहे आणि २०११ पासून बऱ्याच रेकॉर्डींना आहे. काय तो गहजब! कोर्टकचेरी, तडजोड, पैसे परत घ्यायची सोय. मी स्वतः त्यांची एकही घेतलेली नाही (सव्वाशे डॉलर! बायको मलाच विकेल) त्यामुळे मी निवांत तमाशा बघत होतो. आणि मजा कशात, तर हीच मंडळी अकरा वर्षं लिहीत होती की अहाहा, डिजिटलमध्ये हा आवाज शक्यच नाही. आवाज बदलला नव्हता. चिठ्ठी बदलली होती. तरी लोक चिडले ते मला चुकीचं वाटत नाही, आंब्याच्या पेटीवर देवगड लिहिलं असेल तर आत कर्नाटकचा गोड निघाला तरी माणूस चिडणारच.

तर सीडीकडे येतो, नाहीतर रिव्ह्यू राहायचा.

फिल शापने काय केलं, तर चांदणी नाही लावली. त्याने जे झालं ते पहिल्यांदा दिलं, चुकांसकट, उशीर, अनाऊन्समेंट, मधेच पब्लिक अंगावर यायला लागलं म्हणून स्टेजवर उडालेली तारांबळ, ‘पँडेमोनियम’ असा ट्रॅकच आहे, आणि नंतर एकाचं नाव ‘रायट प्रिव्हेन्शन’. आणि मग दुसऱ्या सीडीवर शेवटी सोमवारचं स्टुडिओतलं नाटकही ठेवलं, टाकून नाही दिलं. दोन्ही घ्या आणि स्वतः ऐका. कूपर्सटाऊनवाल्यांनी एकदा हे ऐकावं. बॉन्ड्सची पाटी लावा भिंतीवर आणि तिच्यावर लिहा ना सगळं, ७३, ७६२, बाल्को, जवसाचं तेल, येणारे लोक मूर्ख नाहीयेत.

आवाज. हेडफोनवर ऐकू नका. दोन वेगळ्या माइकांच्या दोन मोनो टेपा आहेत, त्यामुळे वाद्य कधी डावीकडे कधी उजवीकडे सरकल्यासारखं होतं, हेडफोनवर मला अर्ध्या तासात गरगरलं. स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, एकदम मस्त, बँड खरंच स्टेजभर पसरलेला वाटतो. सॅम वुडयार्डचे ड्रम जरा कोरडे. पुस्तिका भरपूर मजकुराची आहे, अक्षर मात्र मुंगीएवढं, चाळिशीच्या पुढच्यांनी चष्मा घेऊन बसा. निवेदनाचे ट्रॅक वेगळे केलेत हे फार बरं केलंय, दुसऱ्यांदा ऐकताना उड्या मारता येतात. आणि सोलो... मी काय लिहू. आठव्या-नवव्या आवर्तनाच्या सुमाराला पब्लिकचा आवाज बदलतो, आधी टाळ्या असतात, मग आरोळ्या, मग नुसता एक गडगडाट, आणि गोन्साल्विसला त्याचं काही देणंघेणं नाही, तो त्याच्या सॅक्समध्ये. मधेच एलिंग्टन ओरडतो मागून. जुन्या एल्पीवर हे सगळं होतं पण काचेपलीकडे. इथे काच फुटली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. परवा मी घरी परीक्षा घेतली. सुइटचा पहिला भाग, ‘फेस्टिव्हल जंक्शन’, दोन्ही सीडीवर आहे, स्टेजवरचा आणि स्टुडिओतला. बायको आणि मुलगा (तो पोरांच्या लिटिल लीगमध्ये पिचिंग करतो आणि बॉन्ड्स त्याला फक्त यूट्यूबवर माहितीये) यांना सोफ्यावर बसवलं, काही न सांगता दोन्ही लावले. मुलगा फोनमध्ये होता, म्हणाला दोन्ही सेम आहे. बायको लहानपणी गांधर्वच्या परीक्षा दिलेली, नीट डोळे मिटून ऐकलं तिने.

“दुसरं छान आहे,” म्हणाली. “पहिल्यात गडबड आहे जरा. दुसऱ्यात सगळे जागेवर आहेत, आणि लोकांनाही जास्त आवडलेलं दिसतंय, टाळ्या बघ ना किती.”

दुसरं म्हणजे सोमवारचं.

मी काही बोललो नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा मुंगीच्या अक्षराचा कापला. स्ट्रीमिंगवर घेतलीत तर नावात ‘कम्प्लीट’ आहे का बघून घ्या, नाहीतर जुनीच एल्पी लागेल.